तीस दिवस की साठ? आमच्या अपीलाची भानगड

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाला डिस्लेक्सिया, चौथीत असताना पहिलीचं पुस्तक अडखळत वाचायचा आणि स्कूल डिस्ट्रिक्टचं (इथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) एकच पालुपद, प्रगती होतेय. म्हणून त्याला योग्य शिक्षण मिळावं यासाठी डिस्ट्रिक्टविरुद्ध केस केली. आधी प्रशासकीय जजसमोर हरलो, मग ९० दिवसांच्या आत फेडरल कोर्टात गेलो, तिथेही हरलो. तोवर वकिलाने खिसा रिकामा केलेला, म्हटलं आता आपणच लढू. (सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या विंकलमन निकालामुळे अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात आईबापांना स्वतःच्या हक्कांसाठी वकिलाशिवाय लढता येतं.)

आता माझा मूर्खपणा ऐका. नियमात वाचलं की खटल्यात सरकार पक्षकार असेल तर अपीलाला ६० दिवस, आणि पब्लिक स्कूल म्हणजे सरकारच की, म्हणून मी निवांत, दिवाळीचा फराळबिराळ सगळं आरामात. २५व्या दिवशी रात्री सहज परत वाचलं तर ते ६० फक्त केंद्र सरकार आणि त्याच्या खात्यांसाठी, स्कूल डिस्ट्रिक्ट असेल तर ३०च! पोटात गोळाच आला. कोर्टात फोन केला तर क्लार्क म्हणे आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही. शिवाय अपीलाची नोटीस वरच्या कोर्टात नाही, जिथे हरलो तिथेच द्यायची असते, हेही तेव्हाच कळलं. छोटासा कागद, ६०५ डॉलर फी, २८व्या दिवशी स्वतः जाऊन शिक्का मारून घेतला.

मग ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद. १३,००० शब्दांची मर्यादा, मी त्यात सगळा राग ओतला. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "अरे यात रडगाणंच जास्त आहे, जजने चूक काय केली ते कुठाय?" बरोबर होतं तिचं. ट्यूटरचा नवा रिपोर्ट पण काढावा लागला, कारण अपीलात नवा पुरावा चालत नाही, खालच्या कोर्टात होतं तेवढंच. शेवटी सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा एंड्र्यू एफ. निकाल धरून एकच मुद्दा लावून धरला, की मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हायला हवी, नावापुरती नाही.

फिलाडेल्फियाला जाऊन बोलायची तयारी केली होती, पण थर्ड सर्किटने (तिथलं आमचं अपील कोर्ट) कागदांवरच निकाल दिला. एक मुद्दा फेटाळला, एक फेरविचाराला परत पाठवला. पोरगं तोवर आठवीत गेलं. आता परत त्याच खालच्या कोर्टात आणि डिस्ट्रिक्टच्या वकिलाने आल्या आल्या मुदतवाढ मागितलीय.