बेसवाल्याच्या गावाला

"कॅस्ट्रो व्हॅली?" वहिनी पोळी लाटता लाटता थांबली. "तिथे काय आहे बघण्यासारखं? आम्ही तर तिथे फक्त दाताच्या डॉक्टरकडे जातो."

मावसभावाकडे डब्लिनला उतरले होते. आयर्लंडचं डब्लिन नव्हे, कॅलिफोर्नियातलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला डोंगराआडचं. दादाने माझ्या दोन आठवड्यांचा बेत आधीच फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. योसेमिटी, गोल्डन गेट, नापाच्या द्राक्षबागा. मी एवढंच म्हटलं, "दादा, शनिवार मला दे. तो मेटॅलिकाचा."

मी बेस गिटार वाजवते. कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमींपासून हातात बेस आहे, आणि तो हातात आला मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या बेसवाल्यामुळे, क्लिफ बर्टनमुळे. २०११ मध्ये मेटॅलिका भारतात आली तेव्हा माझे मित्र गुडगावच्या कार्यक्रमाला गेले होते. तो ऐनवेळी रद्द झाला आणि पोरं रडकुंडीला येऊन परतली. मी तिकीट काढलं होतं बंगळुरूचं. ३० ऑक्टोबरला पॅलेस ग्राउंड्सवर उभी राहून ते दोन तास ऐकले आणि उद्यान एक्स्प्रेसने परत येताना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण ज्याच्यामुळे मी वाजवायला लागले तो माणूस त्या मंचावर नव्हता. तो १९८६ सालीच गेला, चोविसाव्या वर्षी. त्याचं गाव दादाच्या घरापासून रेल्वेने दोन स्टेशनं लांब आहे, हे कळल्यावर तिथे न जाणं मला शक्यच नव्हतं.

सोबत भाचा निघाला. वय चौदा, शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे त्याला मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' तोंडपाठ होतं. ते गाणं १९८६ चं आहे, म्हणजे त्याच्या आईबाबांच्याही लहानपणीचं, हे सांगितल्यावर तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला.

बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, गाडीवर पाटी होती 'डेली सिटी'. गाडी त्या दिशेला निघाली की थ्रॅश मेटलच्या माणसाला डेथ एंजल आठवतात. फिलिपिनो घरांतली ती चुलत-मावस भावंडं, ऐन पोरवयात बँड काढलेली, तिथलीच. हा सगळा उपसागराभोवतीचा पट्टाच तसा आहे. बर्कलीचा टेस्टामेंट, रिचमंडकडचा एक्झोडस. ऐंशीच्या सुरुवातीला ब्रिटिश हेवी मेटलचं वजन आणि पंकचा वेग या पोरांनी एकत्र बांधला, तेच थ्रॅश मेटल.

मेटॅलिका मात्र मूळची इथली नाही. ती जमली लॉस एंजेलिसला, १९८१ मध्ये. लार्स उलरिक हा डेन्मार्कहून आलेला, टेनिसपटू बापाचा मुलगा. त्याने स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिली, तिला जेम्स हेटफिल्डने उत्तर दिलं. पुढच्या वर्षी हे दोघं तिथल्या एका क्लबात ट्रॉमा नावाचा बँड ऐकायला गेले. एक जबरदस्त सोलो ऐकू आला, म्हणून हेटफिल्ड गिटारवाला शोधायला लागला, तर तो वाजवत होता बेसवाला. लांब केस, बेलबॉटम, मान जोरजोरात हलतेय. तो क्लिफ. त्यांनी त्याला आपल्याकडे बोलावलं. तो म्हणाला, येतो, पण मी लॉस एंजेलिसला राहायला येणार नाही, तुम्ही इकडे या.

आणि ते आले! या एका गोष्टीसाठी मला हा बँड जन्मभर पुरेल. अंतर सहाशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून अमरावती. बँडमध्ये बेसवाला सगळ्यात शेवटी शोधतात. कुणी गिटार सोडली की त्याला म्हणतात, बस बेसवर. इथे अख्खा बँड बिऱ्हाड उचलून बेसवाल्याच्या गावाकडे आला. १९८३ च्या ५ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द स्टोन' या क्लबात क्लिफ त्यांच्यासोबत पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला.

कॅस्ट्रो व्हॅलीचं स्टेशन हायवेच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंनी गाड्यांचा लोंढा आणि मध्ये फलाट. बाहेर पडलं की रुंद रस्ता, पेट्रोलपंप, टायरची दुकानं, मागे पिवळ्या गवताच्या टेकड्या. कागदोपत्री हे शहरसुद्धा नाही, कारण याला स्वतःची नगरपालिकाच नाही. वहिनी खोटं बोलत नव्हती, पाहण्यासारखं म्हणाल तर काहीच नाही. आम्ही चालत चालत हायस्कूलपाशी गेलो. शनिवार असल्याने फाटक बंद. कुंपणापाशी उभं राहून मी भाच्याला एक इअरफोन दिला, दुसरा मी घातला आणि 'फॉर हूम द बेल टोल्स' लावलं. घंटा वाजते, आणि मग ते वरून खाली घसरत येणारं, करवतीसारखं चिरत जाणारं वाद्य सुरू होतं.

"हे कुठलं वाद्य?"

"गिटार," तो लगेच म्हणाला.

"बेस आहे. डिस्टॉर्शन आणि वाह पेडल लावून."

त्याने गाणं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. चेलो वाजवणारा मुलगा आहे, त्याचे कान खालच्या सुरांत वाढलेत. तिसऱ्यांदा ऐकताना त्याची डाव्या हाताची बोटं कुंपणाच्या गजावर हलायला लागली.

या शाळेत शिकलेल्या क्लिफच्या घरात एक दुःख आधीच होतं. तो तेरा वर्षांचा असताना, १९७५ साली, त्याचा मोठा भाऊ स्कॉट गेला. त्यानंतर क्लिफने बेस मनावर घेतला. भावासाठी मी सगळ्यात चांगला बेसवाला होणार, असं तो म्हणायचा, हे त्याच्या आईने सांगून ठेवलंय. लहानपणी पियानो शिकला होता. बाखचं संगीत जीव लावून ऐकायचा, सुरावटी एकमेकींवर कशा रचतात ते समजून घ्यायचा. पुढे बँडमधल्या बाकीच्यांना ते त्याच्याकडून मिळालं. 'किल एम ऑल' या १९८३ च्या पहिल्या अल्बमवर एक अख्खा तुकडा बहुतांशी त्याच्या एकट्याच्या बेसचा आहे. पहिल्याच अल्बमवर बेसवाल्याला एवढी जागा!

क्लिफचे वडील रे बर्टन. मुलगा गेल्यानंतरही ते मेटॅलिकाच्या कार्यक्रमांना जात राहिले. पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. क्लिफच्या गाण्यांच्या मानधनाचे जे पैसे येत, ते त्यांनी याच हायस्कूलमध्ये संगीत शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती म्हणून दिले. ही गोष्ट त्यांनी अगदी उतारवयात एका मुलाखतीत सांगितली. जानेवारी २०२० मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. बंद फाटकाआड कुठेतरी वाद्यांची खोली असणार आणि तिच्यात शिकलेल्या कुणाच्या तरी फीमध्ये मेटॅलिकाच्या 'ओरायन' या रचनेचे पैसे गेले असणार. हे भाच्याला सांगताना माझा आवाज फुटला. त्याने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

बे फेअरला गाडी बदलून एल सेरीटो प्लाझाला उतरलो. इथे कार्लसन बुलेव्हार्डवर हेटफिल्ड आणि उलरिक राहायचे, १९८३ ते ८६. गॅरेजमध्ये तालीम. नंबर लिहीत नाही, कारण ते कुणाचं तरी राहतं घर आहे. आम्हीही समोरच्या फुटपाथवरून बघितलं आणि फोटो न काढता पुढे गेलो. लहानसा बंगला, आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी सोसायट्या व्हायच्या आधी कोथरूडला असायचे तेवढाच. 'राइड द लाइटनिंग' आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' या अल्बममधली किती तरी गाणी इथे आकाराला आली.

इथून जवळच, एल सोब्रांटेला, मेटॅलिकाचा गिटारवाला कर्क हॅमेट वाढला. एप्रिल १९८३ मध्ये पहिला अल्बम रेकॉर्ड करायला बँड न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्यांनी आधीच्या गिटारवाल्याला, डेव्ह मस्टेनला, काढून टाकलं. झोपेतून उठवून सांगितलं आणि कॅलिफोर्नियाच्या बसमध्ये बसवलं. देश ओलांडणारा तो प्रवास चार दिवसांचा. त्या बसमध्येच त्याने एका हँडबिलच्या मागे गाण्याच्या ओळी खरडायला सुरुवात केली आणि पुढे मेगाडेथ हा स्वतःचा बँड उभा केला. मला त्या बसचं नेहमी वाईट वाटतं. दारूचं कारण खरं असेलही, पण वीस-एकवीस वर्षांच्या पोराला असं घालवणं निष्ठुरच होतं. त्याच्या जागी एक्झोडसमधून कर्क आला.

दुसरी बस स्वीडनची. १९८६ च्या २६ सप्टेंबरला स्टॉकहोमला कार्यक्रम झाला आणि रात्री ते कोपनहेगनकडे निघाले. बसमधला झोपायचा चांगला बंक कुणाला, यावर पत्ते ओढले. क्लिफने इस्पिकचा एक्का ओढला आणि कर्कची जागा घेतली. पहाटे डोरार्प गावाजवळ बस घसरून उलटली. तो खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्यावर आली. अंत्यविधीला 'ओरायन' वाजवलं.

बँड थांबला नाही. नवा बेसवाला जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या अल्बमवर त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. लोक मिक्सिंगची चर्चा करतात. मला तर तिथे एक रिकामी खुर्ची ऐकू येते, आणि तिच्यात बसायला आलेल्या जेसनचा त्यात काही दोष नव्हता. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमने त्यांना जगात घरोघरी नेलं. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००० मध्ये नॅप्स्टर या इंटरनेटवरून गाणी फुकट वाटू देणाऱ्या सेवेशी भांडण झालं आणि उलरिक तीन लाखांवर वापरकर्त्यांच्या नावांची यादी घेऊन त्यांच्या कचेरीत गेला. तिथे मी त्यांच्या बाजूने नाही. सुरुवातीला त्यांची स्वतःची डेमो टेपसुद्धा हातोहात कॉपी होऊनच जगभर गेली होती, आणि पुण्यात मलाही ते कॉपी केलेल्या कॅसेटवरच भेटले.

परतीच्या वाटेत डाउनटाउन बर्कलीला उतरलो. हायस्कूलच्या आवारातच बर्कली कम्युनिटी थिएटर आहे, साडेतीन हजार खुर्च्यांचं. एप्रिल १९९९ मध्ये मेटॅलिकाने इथे सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या ऑर्केस्ट्रासोबत दोन रात्री वाजवलं, मायकेल केमेनच्या संचालनाखाली. मेटलला अभिजात संगीताशी जोडायचं हे मुळात क्लिफच्या डोक्यातलं, असं हेटफिल्ड सांगत आलाय. वीस वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, चेस सेंटर या नव्या सभागृहाचं उद्घाटनच या दोघांच्या दुसऱ्या कार्यक्रमाने झालं. त्यात सिम्फनीचा मुख्य बेसवादक स्कॉट पिंगेल एकटा उभा राहिला आणि क्लिफचा तो पहिल्या अल्बमवरचा सोलो वाजवला. मी थिएटरच्या पायऱ्यांवर बसून भाच्याला तो व्हिडिओ दाखवला.

"म्हणजे ऑर्केस्ट्रातला माणूस हे वाजवू शकतो?"

"वाजवला की त्याने."

तो गाडीत गप्प होता. कॅस्ट्रो व्हॅली आलं तेव्हा फक्त मान वळवून बघितलं.

घरी वहिनीने वरण-भात लावून ठेवला होता. दादाने विचारलं, काय पाहिलंत? मी म्हटलं, एक शाळा, एक घर, एक थिएटर, आणि तिन्ही बाहेरून. जेवण झाल्यावर भाचा खोलीत गेला. थोड्या वेळाने चेलो ऐकू यायला लागला. 'ओरायन'च्या मधल्या भागातली बेसची ओळ, जिथे सगळे थांबतात आणि क्लिफ एकटा पुढे येतो. चौथ्या सुराला तो चुकत होता. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच चूक. मी दारात जाऊन उभी राहिले.

"आत्या, बोट कुठलं लावतो तो इथे?"

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, चेलोच्या मानेवर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी ती जागा शोधायला सुरुवात केली.