आमची वाटचाल : कास्टिंग ते भोसरीची लाइन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दोन टर्निंग मशीनवर मजुरीचं काम होतं, तोवर मालाच्या हालचालीचा विचार करायची वेळच आली नव्हती. गिऱ्हाईक कास्टिंग (फाउंड्रीतले ओतीव नग) टाकून जायचं, आम्ही चलनावर माल परत द्यायचो. पुढे कास्टिंगची खरेदी आमच्याकडे आली, व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग-ड्रिलिंग मशीन) आले, गंजरोधक कोटिंग बाहेरून करून माल थेट पुण्याजवळ भोसरीला, गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर पोचवायचं ठरलं. मशीनला बँक कर्ज देते. फाउंड्री, मशीन शॉप, कोटिंगवाला आणि ट्रान्सपोर्ट या चौघांचं वेळापत्रक मात्र आपलं आपणच जुळवावं लागतं.

एसजी आयर्नचा (एक चिवट ओतीव लोखंड) 600 ग्रॅमचा ब्रॅकेट घेऊ. व्हीएमसीवर सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, साडेचार मिनिटं. दोन शिफ्ट, जेवण-चहा आणि गेजिंग (मापं तपासणं) वजा जाता 840 मिनिटं, म्हणजे कागदावर 186 नग. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलणं, चिप साफ करणं धरून 85 टक्के पकडले तर 158. आम्ही शेड्युल 150 वर बांधतो. 186 वर बांधलेलं शेड्युल तिसऱ्या दिवशी मागे पडतं आणि मग रविवारचा ओव्हरटाइम ठरलेलाच.

कास्टिंगची ऑर्डर उलटी मोजायची. 1,000 चांगले नग हवेत, ब्लो होलमुळे (ओतताना आत राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळे) 6 टक्के जातात, मशिनिंगमध्ये 2 टक्के. बरेच जण 1,080 मागवतात. हिशेब असा: 1,000 भागिले 0.94, भागिले 0.98, म्हणजे 1,086. फरक सहाच नगांचा, पण शेवटचे सहा नग कमी पडले की त्यांच्यासाठी पुन्हा सेटिंग (मशीन त्या नगासाठी जुळवणं) करावं लागतं, आणि आमचं सेटिंग दीड तासाचं. 300 च्या लॉटवर ते नगामागे 18 सेकंद पडतं, 60 च्या लॉटवर दीड मिनिट. सहा नगांवर किती, ते सांगायला नको. ब्लो होलचा त्रास असा की तो वरून दिसत नाही, बोअर (आतलं भोक) मशीनवर फिरवल्यावर उघडा पडतो. म्हणून नव्या हीटचे (भट्टीच्या एका वितळणीचे) पहिले 20 नग आधी फिरवून बघायचे, मगच बाकीचा लॉट आत घ्यायचा. हीट नंबर वेगळे असतील तर क्रेटही वेगळे. ते मिसळले की तक्रार आल्यावर एका हीटऐवजी सगळा स्टॉक सॉर्टिंगला काढावा लागतो.

शॉपमध्ये 1,200 नग अर्धवट पडलेत आणि रोज 150 बाहेर जातात, तर आज आत आलेल्या नगाला बाहेर पडायला आठ दिवस लागणार. सगळ्या मशीनवरचं मिळून प्रत्यक्ष कटिंग जेमतेम बारा मिनिटांचं, बाकी सगळी वाट बघणं. नवं मशीन घेऊन हे वाट बघणं कमी होत नाही, अर्धवट माल कमी केला की होतं. त्यासाठी क्रेट मोजून ठेवले. कोटिंगला जाऊन यायला तीन दिवस, रोजचे 150, वर 20 टक्के राखीव: 540 नग. एका क्रेटमध्ये 30 नग, म्हणजे 18 किलो, एका माणसाला उचलता येतील इतके. त्या फेरीत 18 क्रेट फिरतात, एकोणिसावा नाही. रिकामा क्रेट नसेल तर त्या नगाचं मशिनिंग थांबवायचं. ऐकायला सोपं आहे, सुपरवायझरच्या गळी उतरवणं अवघड. मशीन उभं दिसलं की त्याचा जीव खालीवर होतो.

कोटिंगला माल नुसता मोजून पाठवून भागत नाही. बोअर आणि थ्रेडला (आट्यांना) रबरी प्लग लावावे लागतात. प्लग सैल झाला की थ्रेडमध्ये कोट बसतो, गो गेज (आटे तपासायचं माप) आत जात नाही, आणि सगळा लॉट टॅप मारायला, म्हणजे आटे साफ करायला, परत येतो. प्लगही चलनावर लिहून मोजून परत घ्यायचे. कोटिंगवाल्याकडे कोपऱ्यात राहिलेल्या रिजेक्शनवर (नापास नगांवर) लक्ष हवं: जॉबवर्कला (बाहेर मजुरीच्या कामाला) गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून जीएसटी लागतो.

गाडीचं गणित वेगळंच. छोट्या हत्तीत साधारण 750 किलो. क्रेटसह 20 किलो धरले तर 37 क्रेट, 1,110 नग. आमची सुट्टी सोमवारी, भोसरीची गुरुवारी. बुधवारी रात्री निघालेली गाडी गुरुवारी गेटवर उभी राहते आणि थांबण्याचं भाडं आपल्या माथी. त्यामुळे डिस्पॅच मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री. अंतर 230 किलोमीटरच्या आसपास. ई-वे बिलाला (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) 200 किलोमीटरमागे एक दिवस, म्हणजे दोन दिवस मिळतात. वाटेत गाडी बदलली तर बिलाच्या पार्ट बीमध्ये (गाडीच्या तपशिलात) नवा नंबर त्याच वेळी टाकायचा.

पावसाळ्याचा हिशेब निराळा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता. जून ते सप्टेंबर पाच दिवसांचा माल भोसरीत भाड्याच्या जागेत ठेवतो. लाइन थांबल्यावर गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या डेबिट नोटपुढे (नुकसानीच्या वसुलीपुढे) ते भाडं किरकोळ आहे. लाइनला आधी तिथलाच जुना माल द्यायचा आणि नवी गाडी त्या जागेत उतरवायची. नाहीतर दमट हवेत तळातले क्रेट तसेच राहतात, आणि कोट नसलेल्या बोअरवर ऑक्टोबरपर्यंत गंज धरतो.