पहिल्या वीतभर उंचीचा भार

आमच्या कारखान्याच्या गोदामात, ट्रकमधला माल चढवण्या-उतरवण्यासाठी, जमिनीत खड्डा करून बसवलेले एक सिझर टेबल, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर वर-खाली होणारे टेबल आहे. दोन टनांचा पॅलेट (माल रचलेली फळी) ठेवून बटण दाबले की पंपाची मोटर जड आवाजात घरघरू लागते आणि टेबल वीतभर वर आले की तोच आवाज हलका होतो. वजन तेवढेच असताना सुरुवातीलाच एवढा ताण का, असे देखभाल विभागात आलेली नवी मुले मला हमखास विचारतात.

याचे उत्तर कात्रीच्या कोनात आहे. टेबलाचे पाय मधोमध पिनेने जोडलेले असतात. त्यांची एका बाजूची टोके जागच्या जागी फिरतात, तर दुसऱ्या बाजूची टोके रोलरवर सरकतात. ही टोके आत ओढली गेली की पाय उभे होऊ लागतात आणि टेबल उचलले जाते. पंपाच्या तेलाच्या दाबाने हे पाय हलवणारा सिलिंडर तळाशी आडवा बसवला असेल, तर पाय जमिनीशी 45 अंशांत असताना त्याला वजनाइतकाच जोर लावावा लागतो. मात्र 10 अंशांत हा जोर साडेपाच पटींच्या वर जातो आणि 5 अंशांत अकरा पटींच्याही वर. म्हणजे दोन टनांसाठी जवळजवळ तेवीस टन, आणि यात पिनांचे घर्षण व पायांचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही! पाय आडवे असताना रोलर बोटभर सरकला तरी टेबल कितीतरी पट उंच जाते आणि त्या उंचीची किंमत जोराच्या रूपाने मोजावी लागते. एकावर एक तीन कात्र्या असलेल्या उंच लिफ्टमध्ये, सिलिंडर तळच्या कात्रीला आडवा जोडलेला असल्यास, हा हिशेब आणखी तिप्पट होतो. म्हणूनच जाणकार रचनाकार पाय पूर्ण आडवे होऊ देत नाहीत आणि सिलिंडरही तिरका बसवतात. गाडीच्या डिकीतला स्क्रूचा जॅकही याच नियमाने चालतो.

उतरताना मोटर बंदच असते. व्हॉल्व्ह उघडतो, वरच्या वजनाने तेल टाकीत परतते आणि टेबल किती वेगाने खाली यावे हे तेलाची वाट अरुंद ठेवून ठरवले जाते. होज, म्हणजे तेलाची नळी, फुटलाच, तर सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह तेलाचा वाढलेला वेग ओळखून वाट बंद करतो. पण सिलिंडरमधले तेल अडवून धरणाऱ्या सीलमधून थेंबथेंब झिरपणारे तेल तो अडवू शकत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

गेल्या पावसाळ्यात रात्रभर वर ठेवलेले टेबल सकाळी चार बोटे खाली आलेले दिसले. खड्ड्यात तेलाचा डाग होता. एक मुलगा बॅटरी घेऊन लगेच आत वाकला, तेव्हा मी त्याचा खांदा धरून त्याला मागे ओढले. पॅलेट उतरवला, टेबल पूर्ण वर घेतले, दोन्ही बाजूंचे लोखंडी टेकू लावले, टेबल त्यांच्यावर टेकेपर्यंत खाली सोडले आणि मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घातले. मगच तो आत गेला. पिस्टनच्या चकचकीत दांड्यावर, नख अडकेल एवढी, एक उभी चर त्याच्या बोटाला लागली.