तुम्ही विचारलंत म्हणून: रडारवर वादळ दिसतं म्हणजे नक्की काय दिसतं?

ऑगस्ट-सप्टेंबरात मेक्सिकोच्या आखातात काही गरगरायला लागलं की आम्हा ह्यूस्टनकरांचे फोन वाजू लागतात. पुण्याची मावशी असो की डोंबिवलीचा चुलतभाऊ, प्रश्न ठरलेला: "अगं, तुमच्याकडे रडारवर सगळं आधीच दिसतं ना? मग माणसं मरतात कशी?" फोनवर उत्तर द्यायला लागलं की तिकडे कुकरची शिट्टी होते आणि विषय बदलतो. म्हणून लिहूनच टाकते.

मुळात हरिकेन, म्हणजे अटलांटिकवरचं चक्रीवादळ, शोधून काढणं हे किनाऱ्यावरच्या रडारचं काम नव्हे. दूर अटलांटिकवरची गडबड आधी उपग्रह टिपतो. मग अमेरिकी हवाई दलाची आणि नोआ या हवामान-समुद्र बघणाऱ्या सरकारी संस्थेची विमानं थेट वादळात घुसतात आणि वारा, दाब, तापमान मोजणारी नळकांडी खाली सोडतात. वादळ दोन-चारशे किलोमीटरवर आलं की मग आमच्या रडारचा नंबर लागतो.

ते आहे ह्यूस्टन आणि समुद्रकाठचं गॅल्व्हेस्टन शहर यांच्या मधे, डिकिन्सनजवळ. उंच मनोरा, वर पांढरा घुमट, आत फिरणारी मोठी तबकडी. ती सुमारे १० सेंटीमीटर लांबीच्या लहरी सोडते आणि थेंबांवर आपटून काय परत येतं ते ऐकते. तासाभरात प्रत्यक्ष लहरी सोडण्याचा वेळ जेमतेम ७ सेकंद भरतो, बाकी सगळं ऐकणं. थेंब आपल्याकडे येतायत की लांब जातायत हे परतीच्या लहरीवरून कळतं, त्यावरून वारा. मोठा थेंब पडताना इडलीसारखा चपटा होतो. म्हणून लहरी आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही सोडतात. दोन्हींतल्या फरकावरून थेंबाचा आकार आणि पावसाचा अंदाज बांधता येतो. वादळाच्या डोळ्यात थेंबच नसतात, म्हणून पडद्यावर मधे भोक दिसतं.

पण पृथ्वी गोल आहे. २०० किलोमीटरवर पोचेपर्यंत सगळ्यात खालचा झोतही जमिनीपासून सुमारे ४ किलोमीटर वर गेलेला असतो. खाली समुद्र किती फुगलाय, कोणाच्या अंगणात शिरलाय, हे रडारला कळत नाही.

रडार आणि टीव्ही यांची गाठ आमच्याच भागात पडली. सप्टेंबर १९६१, कार्ला वादळ. ह्यूस्टनच्या केएचओयू वाहिनीचा तरुण बातमीदार डॅन रादर कॅमेरा घेऊन गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात जाऊन बसला. रडारच्या पडद्यावर नुसता पांढरा भोवरा, बघणाऱ्याला त्यातून काय कळणार? त्याने तिथल्या हवामानतज्ज्ञाला पारदर्शक प्लास्टिकवर टेक्ससचा किनारा काढायला सांगितला आणि ते प्लास्टिक पडद्यावर धरलं. वादळ केवढं आहे ते एका क्षणात सगळ्यांना कळलं. लाखो लोकांनी किनारा सोडला. याच गॅल्व्हेस्टनमध्ये १९०० च्या वादळात किमान ६,००० माणसं गेली होती. कार्लाचे बळी पन्नासच्या आत राहिले. माझ्या मते वादळाच्या वार्तांकनात यापेक्षा चांगलं काम क्वचितच झालं असेल, आणि त्यात कोणी वाऱ्यात भिजत उभं नव्हतं.

आता उभं राहतात. २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळात वेदर चॅनेल या अमेरिकी हवामान-वाहिनीचा एक बातमीदार पाय रोवून वाऱ्याशी झुंजत होता आणि त्याच्या मागून दोन माणसं आरामात चालत गेली. ती क्लिप तुम्हीही पाहिली असेल. गंमत अशी की त्याच वादळात त्याच वेदर चॅनेलने स्टुडिओत निवेदिकेभोवती ३, ६, ९ फूट पाणी चढलं तर कसं दिसेल ते हुबेहूब दाखवलं. ते खरं कामाचं, कारण अमेरिकेत १९६३ ते २०१२ या काळात अशा वादळांच्या थेट तडाख्यात गेलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के पाण्याने गेले, वाऱ्याने नव्हे.

आणि भीती जास्त झाली तर? २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहर बुडवणाऱ्या कॅटरिना वादळाची दृश्यं ताजी असतानाच रिटा आलं. ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांवर लोक एकदम रस्त्यावर. त्या स्थलांतरातच शंभराच्या आसपास माणसं दगावली. वादळ मात्र पूर्वेला, लुइझियानाच्या सीमेकडे वळलं.

२०१७ च्या हार्वी वादळात आमच्या गल्लीत वारा असा नव्हताच. मी रात्रभर बॅटरी मारून समोरच्या टपालपेटीच्या खांबावर पाणी कुठवर आलं ते बघत होते. हवामान खात्याच्या नकाशावर पावसाचे रंग पुरेनात, त्यांना जांभळ्याच्या नव्या छटा घालाव्या लागल्या. टेक्ससमधल्याच नीदरलँड नावाच्या गावात १,५३९ मिलिमीटर पाऊस झाला. केएचओयूच्या इमारतीतच पाणी शिरून प्रक्षेपण बंद पडलं. टेक्ससमध्ये थेट बळी ६८, त्यातले तीन सोडून सगळे पावसाच्या पुरात. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे: पाऊस रडारला दिसतो, पण तो कुठल्या पुलाखाली तुंबणार आणि त्यात कोण गाडी घालणार, ते नाही.

म्हणून वादळ आलं की मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि हॅरिस काउंटीच्या, म्हणजे ह्यूस्टनच्या जिल्ह्याच्या, पूरनियंत्रण खात्याची वेबसाइट उघडते. बायूंवर, म्हणजे इथल्या संथ ओढ्यांवर, ठिकठिकाणी पाणी मोजणारी यंत्रं आहेत. आपल्या जवळच्या पुलाखाली किती फूट चढलं आणि काठ ओलांडायला किती बाकी आहे, ते सरळ आलेखावर दिसतं. वाहिन्यांनी हा आलेख दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात ठेवायला काय हरकत आहे? पण आलेखाला रेनकोट घालून वाऱ्यात उभं करता येत नाही ना!