चौथ्या प्रयत्नाचा हंगाम

मिशिगनमधील नोव्हाय या उपनगरात राहायला आलो, तेव्हा ऑफिसातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बजावले होते की डेट्रॉइट लायन्स या फुटबॉल संघात जीव गुंतवू नका. त्याचे म्हणणे निराधार नव्हते, कारण या संघाने शेवटचे विजेतेपद 1957 साली मिळवले होते, सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत तो एकदाही पोहोचला नव्हता आणि 2008 च्या हंगामात तर त्याने सर्वच्या सर्व 16 सामने गमावले होते. तरीही 2023 च्या हंगामात मी गुंतलोच.

हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा आहे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकावे लागते. तीन प्रयत्नांत ते जमले नाही, तर बहुतेक प्रशिक्षक चौथ्या वेळी चेंडू लाथेने दूर पाठवून देतात किंवा गोलखांब टप्प्यात असतील तर त्यांमधून मारून 3 गुण पदरात पाडून घेतात. लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल मात्र या चौथ्या प्रयत्नाकडे कबड्डीतल्या ‘डू ऑर डाय’ चढाईसारखे पाहतात. फरक इतकाच की कबड्डीत ती नियमाने करावी लागते, हे आपण होऊन करतात.

7 सप्टेंबरला, कॅन्सस सिटीत गतविजेत्या चीफ्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, स्वतःच्या 17 यार्डांच्या रेषेवर, म्हणजे आपल्याच टोकाजवळ असताना त्यांनी लाथ मारण्याचे सोंग करून चेंडू पुढे नेला; फसले असते तर प्रतिस्पर्ध्याला आयतेच गुण मिळाले असते, पण चेंडू ताब्यात राहिला, पुढे सरकत लायन्सने टचडाउन केला, म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, आणि सामना त्यांनी 21-20 असा जिंकला. नोव्हेंबरमध्ये चार्जर्सविरुद्ध 38-38 अशी बरोबरी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत पुन्हा चौथ्या प्रयत्नाचा धोका पत्करून त्यांनी 41-38 असा विजय मिळवला. साखळीतील 17 पैकी 12 सामने जिंकत लायन्सने 30 वर्षांनी आपल्या गटाचे जेतेपद पटकावले.

14 जानेवारीला फोर्ड फील्ड या घरच्या मैदानावर रॅम्सना 24-23 असे हरवून, बाद फेरीतील विजयाची 32 वर्षांची प्रतीक्षा संपली. रॅम्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चाली रचणारा मुख्य खेळाडू, मॅथ्यू स्टॅफर्ड हा 12 हंगाम लायन्सकडून खेळलेला, आणि 2021 मध्ये त्याच्या बदल्यात आलेल्या जॅरेड गॉफच्याच नावाचा आता प्रेक्षक गजर करत होते. पुढच्या आठवड्यात बुकॅनियर्सही हरले.

28 जानेवारीला, जिंकल्यास थेट सुपर बोल गाठून देणाऱ्या सामन्यात, सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नायनर्सविरुद्ध मध्यंतराला 24-7 अशी आघाडी होती. उत्तरार्धात 24-10 असताना कॅम्पबेल यांनी 3 गुणांचा पर्याय नाकारला, आणि पास लायन्सच्याच जॉश रेनॉल्ड्सच्या हातातून निसटला. पुढे 27-24 असे मागे पडल्यावर, बरोबरी साधणारी लाथ शक्य असतानाही त्यांनी पुन्हा चौथा प्रयत्न केला आणि तोही वाया गेला. सामना 34-31 असा हातचा गेला. माझ्या मते पहिला निर्णय योग्यच होता, कारण दोष झेल सुटण्याचा होता. दुसऱ्या वेळी मात्र मी मुकाट्याने 3 गुण घेतले असते.

सोमवारी ऑफिसात हे मत मांडताच, मला जीव गुंतवू नका म्हणणारे तेच ज्येष्ठ गृहस्थ कॉफीचा कप खाली ठेवून तावातावाने म्हणाले, “मग सप्टेंबरमध्ये टाळ्या कशाला वाजवल्यात?”