तुम्ही विचारलंत म्हणून: रझाकारीत माणसं किती मेली?

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं बोलायला शाळांत जातो. ध्वजवंदन झालं की एखादं पोरगं हात वर करून विचारतंच, "सर, रझाकारीत किती माणसं मेली?" घंटा व्हायच्या आत मी काहीतरी सांगून मोकळा होतो, आणि घरी येईपर्यंत ते टोचत राहतं. आज नीट सांगतो.

आमचं गाव नळदुर्गाजवळ. तेव्हा ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. रझाकारांनी, म्हणजे कासिम रझवीच्या निजामधार्जिण्या हत्यारबंद संघटनेनं, गावांवर दरमहा रकमा बसवल्या होत्या. दिल्या तर ठीक, नाही तर लूट, जाळपोळ, खून. आजोबा रातोरात निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडच्या कॅम्पात गेले. आजी दोन लेकरं घेऊन मागं राहिली. अर्जापूरला मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे १९४६ साली मारले गेले. रझाकारांविरुद्ध लिहितो म्हणून शोएबुल्ला खान या संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार केलं. ही नावं आम्ही भाषणात घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज आत आली, यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात, आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडलं. १७ तारखेला निजाम शरण आला. हे सांगताना आजी अंथरुणात उठून बसायची. "सुटलो बग एकदाचं," म्हणायची, आणि पुढं गप्प. माझं भाषणही इतकी वर्षं तिथंच थांबत आलं.

पण मरणं तिथं थांबली नव्हती. पुढच्या आठवड्यांत सूड सुरू झाला, आणि तो रझाकारांपुरता राहिला नाही. ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशा मुसलमान घरांवर जमाव चालून गेले. काही ठिकाणी वर्दीतली माणसंही त्यात होती. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. ती नोव्हेंबर-डिसेंबरात गावोगाव फिरली. तिचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनमध्ये आणि त्यानंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं गेली. सगळ्यात जास्त हानी उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत झाली. या चार जिल्ह्यांतच १८ हजार किंवा त्याहून जास्त. कासिम रझवीच्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार दिसले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे नेसत्या कपड्यानिशी पळाले होते. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून माणसं वाचवली, तेही त्याच अहवालात आहे. तो अहवाल मात्र कित्येक दशकं दडून राहिला.

मला छळतो तो २७ आणि ४० यांमधला फरक. तेरा हजार माणसं. ती मेली की जगली हे सांगायला घरात मागं कुणी उरलं नाही, की कुणी विचारायलाच गेलं नाही? दुष्काळात आपण छावणीतली जनावरं मोजतो, दावणीनिशी.

आजी शेवटी आजारी होती, तेव्हा एकदा तिच्या हातातली काचेची बांगडी पिचकली. मी तुकडे वेचत होतो. ती आपणहून म्हणाली, "त्या दिवाळीला मणेरीण आलीच नाही रे." सणावाराला टोपली घेऊन यायची ती. उंबऱ्यात बसायची, आजीचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची, बोटं दाबून दाबून हिरवा चुडा चढवायची, आणि निघताना एक बांगडी वरून फुकट द्यायची. तिची पोरं आमच्या वाड्यात खेळायची. "सगळ्या बाया उगड्या हातानं दिवाळीला बसल्या. कुणी इचारलं नाई ती कुटं हाय. म्या बी नाई."

मी तिचं नाव विचारलं. आजीला ते आठवलं नाही, सगळे मणेरीणच म्हणायचे. ती त्या २७ हजारांत होती, वरच्या तेरा हजारांत होती, की पोरांना घेऊन कुठं निसटली, हे आमच्या गावात आता कुणालाच सांगता येणार नाही.