अँडी समर्सचा आवाज कुठल्या पेडलमधून येतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. अँडी समर्स म्हणजे 'द पोलिस' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक, आणि 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे त्यांचं गाणं. शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी वर्षातून दोनतीनदा तरी हे विचारतंच: "सर, 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मधला गिटारचा आवाज कुठल्या पेडलने येतो?" पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी. तोवर आवाज दाट करणारा कोरस घेऊन झालेला असतो, प्रतिध्वनी देणारा डिले घेऊन झालेला असतो, पैसे बहुधा वडिलांचे. आणि वाजवतात काय, तर साधी ए मेजर कॉर्ड, म्हणजे सा, ग, प एकत्र.

पेडल बाजूला ठेवा, डावा हात दाखवा, असं मी म्हणतो. सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचे पडदे) तर्जनी, पाचव्या तारेवर सातव्याला अनामिका, चौथ्या तारेवर थेट नवव्याला करंगळी, आणि तिसऱ्या तारेवर सहाव्याला मधलं बोट. करंगळी नवव्या फ्रेटपर्यंत पोचता पोचता तर्जनी उचलली जाते, तार खरखरते, चेहरा वाकडा होतो. अंगठा गिटारच्या मानेच्या मागे, बराच खाली घेतला की जमतं. मग एकेक तार छेडायची.

पेटी शिकून आलेल्या एका मुलीने हे ऐकलं आणि पटकन म्हणाली, "सर, हे तर सा, प, रे, ग आहे." अगदी तेच. सा-चा पंचम प, प-चा पंचम रे, आणि त्या वरच्या रे-ला खेटून ग. शेजारचे दोन स्वर एकदम घुमतात, म्हणून त्या कॉर्डला ती किंचित बोचरी गोडी येते. ए मेजरमध्ये रे नाही. जगातले सगळे पेडल लावलेत तरी तो कुठून येणार?

१९७९ च्या 'मेसेज इन अ बॉटल'मध्ये तर समर्स आणखी पुढे जातो. तिथे सा, प, रे एवढंच, गंधार गाळलेला. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारावर ठरतं. तो काढला की गिटार काहीच ठरवत नाही, ते काम गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडून देते. डिलेचं कोडंही इथेच सुटतं. डिलेमुळे आधीच्या कॉर्डचा प्रतिध्वनी नव्या कॉर्डवर सांडतो. भरगच्च सहा तारांच्या कॉर्ड एकमेकींवर सांडल्या की गिचका होतो. अशा विरळ, पंचमावर पंचम रचलेल्या कॉर्ड सांडल्या तरी निवळ राहतात.

आता पेडल. होती की समर्सकडे! इलेक्ट्रिक मिस्ट्रेस नावाचा फ्लँजर, म्हणजे आवाजाला लाटांसारखी घरघर देणारं पेडल, आणि टेपवर चालणारा एकोप्लेक्स नावाचा डिले. पोलिसमध्ये माणसं तीनच: स्टिंग बास आणि गाणं, स्टुअर्ट कोपलंड ड्रम्स, आणि हा एकटा गिटारवर. 'वॉकिंग ऑन द मून'मध्ये तो एक कॉर्ड मारतो आणि गप्प बसतो. ती हवेत विरेपर्यंत बास चालत राहतो. ही गप्प बसण्याची हिंमत रेगे या जमैकाच्या संगीतातून आलेली आहे, आणि विद्यार्थ्यांना शिकवायला तीच सगळ्यात अवघड. मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात.

गिटार म्हणाल तर साठच्या दशकाच्या सुरुवातीची फेंडर कंपनीची टेलिकास्टर, मानेकडे गिब्सन कंपनीचा हंबकर (तारांचा आवाज पकडणारा पिकअप) बसवलेली. लॉस एंजेलिसला शिकवण्या करत असताना एका विद्यार्थ्याकडून २०० डॉलरला घेतली होती म्हणे. (मीही शिकवण्याच करतो. माझ्याकडे अशी गिटार घेऊन अजून कोणी आलेलं नाही.)

'एव्हरी ब्रेथ' १९८३ चं. त्या सुमारास समर्स रॉबर्ट फ्रिप या गिटारवादकाबरोबर काम करत होता आणि बार्टोक या हंगेरियन संगीतकाराची व्हायोलिनसाठी लिहिलेली युगुलं गिटारवर वाजवून बघत होता. त्या खटपटीतून हाताला लागलेलं काहीतरी त्याने कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटावरच्या स्टुडिओत स्टिंगच्या गाण्यावर चढवलं. गाणं स्टिंगच्या एकट्याच्या नावावर आहे. लोक गुणगुणतात ती गिटार समर्सची. मला विचाराल तर हा अन्याय आहे, पण मला विचारतंय कोण?

मार्च १९८० मध्ये ही मंडळी मुंबईत वाजवून गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा, दादरला. त्या संध्याकाळी बहुतेक गोट्या खेळत असेन.

तर, करंगळी. पाचव्या फ्रेटला सुरुवात करू नका, तिथे अंतर फार पडतं. नवव्यापासून करा, वर फ्रेट अरुंद असतात, मग दर दोन दिवसांनी एकेक फ्रेट खाली या. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर हलकी टेकलेली हवी, नाहीतर स्वर एकमेकांत वाहून जातील. आणि चौथ्या तारेवरचा रे स्वच्छ वाजेपर्यंत ॲम्प्लिफायर लावूच नका.